झोप आली, पण ओठ थांबेनात

रात्री झोप येत नाही अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाच्या हातात जी गोळी पडते, ती मुळात झोपेसाठी बनवलेली असतेच असं नाही. कधी ती ॲलर्जीची असते, कधी नैराश्याची, कधी फिटची आणि कधी स्किझोफ्रेनियाची. तिने गुंगी येते, एवढ्यावर ती झोपेसाठी दिली जाते. क्वेटियापिन हे त्यातलं हल्ली वारंवार दिसणारं नाव. अमेरिकेत १९९७ साली या औषधाला मान्यता मिळाली ती स्किझोफ्रेनियासाठी. पुढे बायपोलर आजारातही ते वापरात आलं. या आजारांत त्याचा डोस दिवसाला काहीशे मिलिग्रॅमपर्यंत जातो. २५ मिलिग्रॅमला मात्र ते प्रामुख्याने मेंदूतल्या हिस्टामिनचं काम अडवतं आणि डोळे जड होतात. सवय लावणाऱ्या गोळ्या टाळायच्या म्हणून अनेक डॉक्टर याच गोळीकडे वळतात.

सोलापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेला ती अशीच मिळाली. त्यांची हकिगत इथे सांगायची ती त्यांच्याच आग्रहावरून. फक्त नाव नको म्हणाल्या. वय सहासष्ट. यजमान गेल्यानंतर त्यांची झोप उडाली. रात्री दोन-अडीचला जाग यायची आणि मग दूधवाला येईपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. डॉक्टरांनी क्वेटियापिन लिहून दिलं, आधी २५ मिलिग्रॅम, मग ५०. झोप खरोखर लागू लागली. जेवण जाऊ लागलं, चिडचिड कमी झाली, नातवंडांशी बोलणं पुन्हा सुरू झालं. औषध लागू पडलं यात शंका नव्हती, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याचा संबंध त्या गोळीशी लावायचं कुणाला सुचलं नाही.

काही महिन्यांनी दिवेलागणीनंतर पायांत शिवशिव सुरू झाली. टीव्हीसमोर बसवेना. आडवं झालं की पोटऱ्यांच्या आतून काहीतरी वळवळल्यासारखं व्हायचं; उठून घरातल्या घरात चार फेऱ्या मारल्या की बरं वाटायचं, पुन्हा अंथरुणाला पाठ टेकली की पुन्हा तेच. घरच्यांनी अशक्तपणा म्हटलं. तेल चोळून झालं, बी-१२ची इंजेक्शनं घेऊन झाली. पायांमुळे झोप पुन्हा मोडली, तेव्हा ५०ची गोळी १०० झाली.

या ठिकाणी वाचकाने थांबावं. औषधाने एक त्रास निर्माण केला, तो त्रास मूळ आजाराचाच भाग समजला गेला आणि त्यावर तेच औषध वाढवलं गेलं. म्हातारपणी औषधांची यादी लांबत जाते ती अनेकदा याच वाटेने. कोणी एक दोषी असतो असंही नाही. दहा मिनिटांच्या तपासणीत ‘झोप लागत नाही’ एवढंच सांगितलं गेलं आणि पायांचं सांगायचं राहून गेलं, तर डॉक्टर दुसरं काय करणार? पण ‘झोप का मोडते’ हा प्रश्न दुसऱ्या भेटीत विचारला गेला असता, तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

नंतर तोंडाचा चाळा सुरू झाला. ओठ मुडपणं, जीभ गालाच्या आतून फिरवणं, मधूनच काही चघळत असल्यासारखा जबडा हलणं. बाईंना स्वतःला हे कळत नव्हतं. शेजारणींना वाटायचं, यांच्या तोंडात बडीशेप असते. एकदा व्हिडिओ कॉलवर नातीने विचारलं, “आजी, तू सारखं काय खातेस?” तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आरशासमोर उभं राहून स्वतःकडे नीट पाहिलं. ओठ थांबवायचे ठरवले की क्षणभर थांबत. लक्ष दुसरीकडे गेलं की पुन्हा सुरू.

पहिली शंका कवळीवर गेली. ती चुकीची नव्हती. कवळी सैल असली की तोंडाचा असा चाळा लागू शकतो. दंतवैद्यांनी नवी कवळी बसवून दिली. चाळा तसाच राहिला. बाईंनी लग्नकार्यांना जाणं सोडलं, गेल्याच तर पदर तोंडाशी धरून बसायच्या. भजनी मंडळ सुटलं, कारण चार जणींसमोर तोंड उघडायचीच लाज वाटू लागली. जीभ चावली जायची, भाकरीचा घास तोंडात फिरवणं अवघड होऊ लागलं. हे सारं एका झोपेच्या तक्रारीपासून सुरू झालं होतं.

शेवटी पुण्यातल्या एका न्यूरॉलॉजिस्टकडे जाणं झालं. त्यांनी आधी एमआरआय मागितला नाही, घरातल्या औषधांची पिशवी मागितली. रक्तदाबाची गोळी, थायरॉइडची, कॅल्शियम, झोपेची गोळी, सकाळी उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची कॅप्सूल. डॉक्टरांनी त्यातल्या दोन पट्ट्या बाजूला काढून ठेवल्या. एक क्वेटियापिनची. दुसरी, जिचा संशय घरात कुणाच्या स्वप्नातही आला नव्हता ती, ॲसिडिटीच्या कॅप्सूलची. ब्रँडच्या ठळक नावाखाली बारीक अक्षरांत छापलं होतं: रॅबेप्राझोल २० मिलिग्रॅम, लेव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम. ती कॅप्सूल बाई कितीतरी वर्षं घेत होत्या. लिहून दिली होती महिनाभरासाठी. पुढे जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून येत राहिली.

लेव्होसल्पिराइडबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या हजारो स्वयंपाकघरांत फ्रीजवरच्या डब्यात ते पडलेलं असतं आणि कुणाला त्याचं नाव माहीत नसतं. पोट लवकर रिकामं व्हावं, मळमळ थांबावी म्हणून ते ॲसिडिटीच्या औषधात मिसळलेलं असतं. रॅबेप्राझोल पोटातलं आम्ल कमी करतं, त्याचा शरीराच्या हालचालींशी थेट संबंध नाही. पण लेव्होसल्पिराइड सल्पिराइडच्या घराण्यातलं, म्हणजे मूळचं मनोविकारांवरच्या औषधांच्याच कुळातलं. ते डोपामिनचं काम अडवतं. वयस्कर माणसांनी ते दीर्घकाळ घेतलं तर हातपाय कडक होणं, चाल मंदावणं, हात थरथरणं, तोंडाच्या अनैच्छिक हालचाली हे सगळं होऊ शकतं. पार्किन्सन झाला असं समजून अशा रुग्णाला पार्किन्सनची औषधं सुरू होतात आणि ज्या कॅप्सूलने हे घडवलं ती सकाळच्या चहाआधी चालूच राहते.

डोपामिन हे मेंदूतलं निरोप्याचं काम करणारं रसायन. शरीराच्या हालचाली सुरळीत, मोजून-मापून होण्यासाठी ते लागतं. काही औषधं डोपामिनचा निरोप घेणाऱ्या जागा, म्हणजे रिसेप्टर, अडवून धरतात. महिनोन्महिने त्या अडवल्या गेल्या की मेंदू त्यांची संवेदनशीलता वाढवतो, अशी सर्वाधिक मान्य असलेली मांडणी आहे. मग थोड्याशा निरोपालाही प्रमाणाबाहेर प्रतिसाद मिळू लागतो आणि ओठ, जीभ, जबडा, कधी बोटं, कधी कंबर आपोआप हलू लागतात. या विकाराला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. तो औषध सुरू केल्याबरोबर दिसत नाही, आणि तिथेच फसगत होते. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या एका रूढ निकषानुसार किमान तीन महिने औषध घेतलेलं असावं लागतं. साठी ओलांडलेल्या माणसाला मात्र एक महिनाही पुरतो.

ही ओळख नवी नाही. क्लोरप्रोमाझीन हे मनोविकारांवरचं पहिलं मोठं औषध पॅरिसमध्ये १९५२ साली वापरात आलं. ज्यां डिले आणि पिएर डेनिकर या डॉक्टरांनी त्याचा परिणाम जगासमोर ठेवला आणि वर्षानुवर्षं कोठडीत राहिलेली माणसं बोलू-वागू लागली. पाचच वर्षांत, १९५७ मध्ये, जर्मनीतल्या श्योनेकर नावाच्या डॉक्टरांनी या औषधावर असलेल्या रुग्णांच्या ओठांच्या विचित्र हालचाली नोंदवल्या. १९६४ मध्ये डेन्मार्कच्या फाउरबाय यांनी या विकाराला आजचं नाव दिलं. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ वैद्यकशास्त्राला हे ठाऊक आहे. ठाऊक नाही ते झोपेची गोळी म्हणून याच कुळातलं औषध घेणाऱ्या माणसाला.

या कथेला एक भारतीय धागाही आहे, आणि तो मुंबईतून जातो. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. झोप न येणाऱ्या, भ्रमिष्ट झालेल्या माणसाला तिचं मूळ देण्याची रीत फार पूर्वीपासूनची. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लेख लिहिला. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरचा तिचा उपयोग ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि सर्पगंधा जगभर पोहोचली. तिच्यातून निघालेलं रेसरपिन स्वीडनच्या अर्व्हिड कार्लसन यांनी सशांना दिलं, तेव्हा ससे निश्चल पडून राहिले. एल-डोपा टोचताच ते पुन्हा हालू-फिरू लागले. डोपामिन हालचालींसाठी किती महत्त्वाचं आहे हे या प्रयोगांतून उमगलं आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. रेसरपिन मेंदूतला डोपामिनचा साठाच रिता करतं. त्याच साठवणुकीच्या यंत्रणेवर सौम्यपणे काम करणारं टेट्राबेनाझिन आज टार्डिव्ह डिस्कायनेशियाच्या उपचारात दिलं जातं. त्याच जातीची व्हॅलबेनाझिन आणि ड्युटेट्राबेनाझिन ही औषधं अमेरिकेत २०१७ मध्ये खास या विकारासाठी मान्य झाली. झोपेसाठी आयुर्वेदिक दुकानातून सर्पगंधेच्या गोळ्या आणणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं की झाडपाल्याचं औषधही डोपामिनशी खेळतं, त्यामुळे तेही डॉक्टरांना सांगायच्या यादीत असलं पाहिजे.

आता धोका किती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मनोविकारांवरच्या जुन्या पिढीच्या औषधांवर तरुण रुग्णांमध्ये दर वर्षी साधारण ५ टक्क्यांना हा विकार जडतो असं मानलं जातं. वृद्धांमध्ये पहिल्या वर्षाअखेर हे प्रमाण चौथ्या हिश्शाच्या आसपास जातं. नव्या पिढीच्या औषधांत ते बरंच कमी आहे आणि क्वेटियापिन त्यातही सर्वांत कमी धोक्याच्या औषधांपैकी. २५ मिलिग्रॅम घेणाऱ्या बहुतेकांचे ओठ हलणार नाहीत. पण वय जास्त, स्त्री, मधुमेह, आणि जोडीला डोपामिन अडवणारं दुसरं एखादं औषध असं सगळं जुळून आलं की ‘कमी धोका’ या शब्दांवर विसंबून राहता येत नाही. सोलापूरच्या बाईंच्या बाबतीत मोठा वाटा कॅप्सूलचा असावा, क्वेटियापिनने त्यात भर घातली असावी, असं न्यूरॉलॉजिस्टचं मत पडलं. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या तक्रारींवर दोन वेगळी औषधं दिली होती, दोन्ही एकाच दारावर जाऊन बसली.

अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने २०१३ मध्येच डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं होतं की प्रौढांच्या निद्रानाशावर मनोविकारांची औषधं पहिला उपाय म्हणून सरसकट देऊ नयेत. उलटी-मळमळीवरचं मेटोक्लोप्रामाइड टार्डिव्ह डिस्कायनेशियाच्या धोक्यामुळे १२ आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नये, असा ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये दिला. आपल्याकडे फ्लुपेंटिक्सॉल आणि मेलिट्रासेन यांच्या जोडगोळीचं प्रकरण गाजलं. चिंता, उदासपणा यांसाठी ती सर्रास दिली जायची. तिच्यातलं फ्लुपेंटिक्सॉल मनोविकारांवरचं औषध आहे, हे घेणाऱ्याला माहीत नसायचं. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०१२ च्या अहवालात तिच्या मान्यतेवर बोट ठेवलं, मूळ कंपनीच्या स्वतःच्या देशात, डेन्मार्कमध्ये, ती विकली जात नसल्याचं नोंदवलं, आणि २०१३ मध्ये केंद्र सरकारने तिची विक्री रोखली. पुढे कोर्टकज्जेही झाले.

पायांच्या शिवशिवीची गोष्ट वेगळी आहे आणि ती अनेक घरांत आहे. संध्याकाळी किंवा रात्री विश्रांती घेताना वाढणारी, चाललं की थांबणारी ही तक्रार म्हणजे रेस्टलेस लेग्ज. स्वीडिश डॉक्टर कार्ल-अॅक्सेल एकबॉम यांनी १९४५ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं. तिच्यामुळे झोप मोडते; झोप मोडते म्हणून जी औषधं दिली जातात त्यांतली बरीच तिला वाढवतात. सर्दी-खाजेवरची गुंगी आणणारी औषधं, म्हणजे हायड्रॉक्सिझिन, प्रोमेथाझिन, डायफेनहायड्रामिन, नैराश्यावरची मिर्टाझापिन आणि अॅमिट्रिप्टिलिन, मनोविकारांवरची बहुतेक औषधं, मेटोक्लोप्रामाइड. आणि कित्येकदा मूळ कारण असतं शरीरातलं लोह. हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा कमी असू शकतो, तो कळतो फेरिटिनच्या तपासणीने. रेस्टलेस लेग्ज असलेल्या प्रौढ माणसाचं फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी निघालं तर तज्ज्ञ लोह द्यायचा विचार करतात, जरी लॅबच्या कागदावर तो आकडा ‘नॉर्मल’ म्हणून छापलेला असला तरी. सोलापूरच्या बाईंचंही फेरिटिन कमी निघालं. रक्ताची एक साधी तपासणी, तीही ही सगळी वाट चालून झाल्यावर.

यापेक्षा वेगळा प्रकार म्हणजे बसल्या जागी स्वस्थ राहताच न येणं, आतून सतत तगमग होणं, दिवसाही येरझारा घालाव्याशा वाटणं, म्हणजेच अॅकॅथिसिया. तो औषध सुरू केल्यापासून किंवा डोस वाढवल्यापासून काही दिवसांत-आठवड्यांत दिसू शकतो. घरच्यांना तो ‘टेन्शन’ वाटतो. रुग्णाला मात्र तो असह्य होतो, जीव नकोसा होण्यापर्यंत मजल जाऊ शकते, म्हणून त्यात वाट पाहू नये. आणि तरुण मुलामुलीला उलटीचं इंजेक्शन दिल्यानंतर काही तासांत मान एकीकडे पिळवटली, डोळे वर चढले, जबडा वाकडा झाला, तर ती बाधा नव्हे, देवीचं येणं नव्हे. औषधाने आलेला तो डिस्टोनियाचा झटका आहे. योग्य इंजेक्शनने तो बहुधा मिनिटांत सुटतो. अशा मुलीला मांत्रिकाच्या ओट्यावर नेऊन बसवणं किती क्रूर आहे, हे वेगळं सांगायला नको.

बाईंचं पुढे काय झालं? लेव्होसल्पिराइड असलेली कॅप्सूल बंद करून ॲसिडिटीचं साधं औषध आलं. क्वेटियापिन एकदम थांबवलं नाही. मूळ डॉक्टरांशी बोलून, टप्प्याटप्प्याने १०० वरून खाली आणलं. गोळी कमी होऊ लागली तसे सुरुवातीला ओठ आणखी हलू लागले. घरात घबराट झाली. असं होऊ शकतं याची कल्पना न्यूरॉलॉजिस्टने आधीच दिलेली होती, म्हणून निभावलं. अडवलेली वाट मोकळी झाली की झाकलेली हालचाल काही आठवडे उघडी पडते; ती पाहून घाबरून पुन्हा तेच औषध सुरू केलं जातं आणि विकार आणखी खोल रुजतो. लोह सुरू झालं, पायांची शिवशिव आधी ओसरली. तोंडाचा चाळा हळूहळू कमी झाला; टेट्राबेनाझिनचा छोटा डोस काही काळ द्यावा लागला, तोही मनःस्थितीवर लक्ष ठेवून, कारण त्याने उदासपणा येऊ शकतो. आज जवळून पाहिलं तर खालचा ओठ अजून अधूनमधून हलतो. पूर्ण गेलेलं नाही. काही रुग्णांमध्ये हा विकार कायमचा राहतो, आणि तो जितका लवकर ओळखला जाईल तितकी तो कमी होण्याची शक्यता जास्त.

इतरांना काय सांगाल, असं विचारल्यावर बाईंनी शिक्षिकेच्या शिस्तीने सांगितलं. पट्टीवरचं ब्रँडनाव वाचू नका, त्याखालचं औषधाचं नाव वाचा. चष्मा लावून वाचा, वाचता येत नसेल तर केमिस्टकडून वहीत लिहून घ्या. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या प्रमुख ३०० ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे, तो मोबाइलने वाचता येतो; नातवंडांना हे काम सांगावं. नावाच्या शेवटी ‘सल्पिराइड’, ‘पेराझीन’, ‘अॅपिन’ दिसलं, किंवा मेटोक्लोप्रामाइड, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, फ्लुपेंटिक्सॉल असं काही दिसलं, तर ते कशासाठी आणि किती दिवसांसाठी, हे विचारावं. चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षं चालणारी सिनारिझिन आणि मायग्रेनसाठीची फ्लुनारिझिन यांनीही वृद्धांमध्ये पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात.

डॉक्टरांना असे प्रश्न विचारायला लोक कचरतात. डॉक्टर रागावतील अशी भीती असते. पण ‘ही गोळी मुळात कोणत्या आजाराची आहे? किती दिवस घ्यायची? बंद कशी करायची?’ हे तीन प्रश्न विचारणं हा उद्धटपणा नाही. उत्तर न देणारा डॉक्टर बदलावा, असं प्रस्तुत लेखकाचं स्पष्ट मत आहे.

याच जागी सर्वांत मोठी सावधगिरी सांगायची आहे. हा लेख वाचून कुणीही स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य असलेल्या माणसांसाठी हीच औषधं जीव वाचवणारी आहेत. ती सुटली की आजार उलटतो आणि त्याची किंमत ओठांच्या चाळ्यापेक्षा कितीतरी मोठी असते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या एकदम थांबवल्या तर थरथर, घाम, भास, प्रसंगी फिट येऊ शकते. नवी हालचाल दिसली तर काही दिवसांत डॉक्टर गाठावा. बदल काय करायचा ते त्याने ठरवावं.

डॉक्टरांकडे जाताना मोबाइलवर एक छोटं चित्रण घेऊन जावं. या हालचाली ताणात वाढतात, झोपेत थांबतात, आणि नेमक्या तपासणीच्या वेळी दिसतीलच असं नाही. तज्ज्ञ ज्या पद्धतीने तपासतात तसंच घरी करता येतं: तोंडातली सुपारी, बडीशेप, च्युइंगगम काढून टाकायचं, हात नसलेल्या खुर्चीत बसायचं, तळवे गुडघ्यांवर, पाय जमिनीवर, तोंड उघडायचं, जीभ बाहेर काढायची, मग अंगठ्याला एकेक बोट भराभर टेकवायचं आणि त्या वेळी ओठांकडे, पायांच्या बोटांकडे घरच्यांनी पाहायचं. लक्ष बोटांवर असताना लपलेली हालचाल वर येते. यासाठी १९७६ पासून एम्स नावाची मोजपट्टी वापरात आहे. दिल्लीच्या रुग्णालयाशी तिचा संबंध नाही. मनोविकारांची औषधं दीर्घकाळ घेणाऱ्या प्रत्येकाची अशी तपासणी ठरावीक अंतराने व्हायला हवी, आणि घरच्यांनी ती मागून घ्यावी.

आणखी एक गोष्ट हमखास घडते. हालचाल दिसली की ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी जोडली जाते. डिस्टोनियाच्या झटक्यात, औषधाने आलेल्या कडकपणात आणि थरथरीत तिचा उपयोग होतो. पण तोंडाच्या या उशिरा येणाऱ्या चाळ्यात ती उपयोगी नाही, उलट तो वाढवू शकते. शिवाय म्हातारपणी तिने विसराळूपणा, गोंधळ, बद्धकोष्ठ आणि लघवी अडकणं असे त्रास होतात. हालचाल कोणत्या प्रकारची आहे हे ठरल्याशिवाय ती सुरू होऊ नये.

उरतो तो झोपेचा प्रश्न, कारण गोळी काढली की तो परत समोर उभा राहणारच. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून सुचवली ती गोळी नव्हे, सीबीटी-आय ही वर्तनोपचाराची पद्धत. बाईंनी ती एका मानसोपचारतज्ज्ञांकडून शिकून घेतली. रोज एकाच वेळी उठायचं, रात्र कशीही गेली तरी. डोळ्यांवर झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचं आणि झोप आली की परत यायचं. प्रत्यक्ष जितके तास झोप लागते, साधारण तितकेच तास अंथरुणावर काढायचे, पण पाचपेक्षा कमी नाहीत, आणि ते हळूहळू वाढवायचे. पहिले काही आठवडे दिवसा डोळे मिटतात, चिडचिड होते. तिथेच बरेच जण सोडून देतात. बायपोलर किंवा फिटचा आजार असलेल्यांनी झोपेचे तास कमी करण्याचा हा भाग स्वतःहून करू नये. मोठ्याने घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाने गुंगीच्या गोळीआधी झोपेची तपासणी करून घ्यावी. यजमानांच्या जाण्याचं दुःख हेच झोप उडण्याचं कारण असेल, तर त्या दुःखाबद्दल बोलायला माणूस मिळणं हाही उपचार आहे. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य सुरू आहे.

एवढं सगळं सोसून झाल्यावर बहुतेक घरांत एक काम राहून जातं, ते म्हणजे नोंद. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन त्याचं केंद्र आहे आणि मुंबईच्या केईएमसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची नोंदणी केंद्रं आहेत. डॉक्टरच नव्हे, रुग्ण किंवा नातेवाईकही स्वतः कळवू शकतात. औषधाने नक्की झालं हे सिद्ध करावं लागत नाही, संशय पुरेसा असतो. औषधाचं नाव, डोस, कधी सुरू केलं, त्रास कधी दिसला एवढी माहिती हाताशी ठेवून १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर फोन करा. तुमच्या घरात कुणाचे ओठ, जीभ, पाय औषध सुरू झाल्यानंतर असे हलू लागले असतील, तर डॉक्टरांना भेटल्यानंतर हा फोन जरूर करा.